सोन्याचा नाग आणि लाल मणी

गेल्या पावसाळ्यात नाशिकला गंगापूर रोडवरच्या एका हॉलमध्ये छोट्या उद्योजकांसाठी दिवसभराचं नेतृत्व-शिबिर होतं. फीमध्ये चहा, जेवण आणि रेक्झिनची एक फाइल. ओळखीतून पास मिळाला म्हणून मीही गेलो. पडद्यावर आधी सिंह आला, मग शिवाजी महाराज, मग काळ्या टी-शर्टातले स्टीव्ह जॉब्ज, मग पुन्हा सिंह. वक्त्यांनी आम्हाला उभं करून छातीवर मूठ आपटायला लावली. नेता खोलीत आला की हवा बदलली पाहिजे, असं ते म्हणाले. एसी बंद पडला होता, त्यामुळे हवा बदलण्याची गरज सगळ्यांनाच पटली.

माझ्या शेजारी अंबडच्या औद्योगिक वसाहतीतला एक जॉबवर्कवाला होता, म्हणजे मोठ्या कंपन्यांचे पार्ट बनवून देणारा. दोन सीएनसी मशिनं, अकरा माणसं. त्यानं वहीत 'सिंह' लिहून खाली दोन रेघा ओढल्या होत्या. जेवताना मठ्ठ्याचा पेला हातात धरून म्हणाला, "सर, सगळं पटलं. पण माझा सेटर, मशिन लावून देणारा माणूस, ऑक्टोबर आला की आठवडाभर गायब होतो. त्याच्यावर गर्जना करू का?"

"कुठे जातो?"

"निफाडला. दोन एकर द्राक्षं आहेत त्याची. छाटणी असते."

"मग ऑक्टोबरचा माल सप्टेंबरातच काढून ठेवा की."

तो हसला. "आमची मंडळीही हेच म्हणते. पण तिनं सांगितलेलं शिबिरात धरत नाहीत ना."

त्या दिवसापासून हा विषय डोक्यात आहे. एखादी कंपनी, संस्था किंवा शहर चालतं ते कोणा एका झळाळत्या माणसामुळे, ही आपली समजूत इतकी पक्की आहे की ती तपासायची असते हेच आपण विसरलो. माझं म्हणणं साधं आहे. करिष्मा हे यशाचं कारण म्हणून सांगितलं जातं, पण बहुतेक वेळा तो यश मिळाल्यावर कपाळाला लावलेला टिळा असतो. तो लावतो आपण. आणि लावतो कारण तपशिलात शिरायचा आपल्याला कंटाळा येतो.

शब्दाचीच गंमत पाहा. मराठीतला 'करिष्मा' फारसीतून आला. तिथं त्याचा अर्थ नखरा, नेत्रकटाक्ष. हिंदी-उर्दूत येईतो तो चमत्कार झाला. व्यवस्थापनाच्या पुस्तकातला 'कॅरिझ्मा' ग्रीक आहे, ख्रिस्ती धर्मशास्त्रातला, म्हणजे ईश्वरी कृपेची देणगी. दोन्ही शब्द योगायोगानं सारखे वाजतात आणि आपल्या डोक्यात एक झाले. त्यामुळे मराठी माणूस 'करिष्माई नेतृत्व' म्हणतो तेव्हा कृपा, चमत्कार आणि थोडा नखरा असं तिन्ही त्यात येतं. मला तर हे भाषांतर मुळापेक्षा अचूक वाटतं.

धर्मशास्त्रातला हा शब्द समाजशास्त्रात रुजवला तो जर्मन विचारवंत मॅक्स वेबर यांनी. ते १९२० मध्ये गेले. या विषयावरचं त्यांचं बरंचसं लेखन नंतर प्रसिद्ध झालं. वेबर यांचा मुद्दा असा होता की त्या माणसात खरोखर काही दैवी आहे का, हा प्रश्नच नाही. अनुयायी ते मानतात का, एवढंच पाहायचं. प्रचीती येईनाशी झाली की ती सत्ता विरते. आणि नेता गेला की मागे उरतात नियम, पदं, वारसा आणि कचेऱ्या. वेबर यांच्यासाठी करिष्मा ही अस्थिर, जळून जाणारी चीज होती. सत्तरच्या दशकात व्यवस्थापनशास्त्राच्या अभ्यासकांनी तीच उचलली आणि पुढे शिबिरवाल्यांनी तिचं 'सात दिवसांत शिका' करून टाकलं. जळणारी वस्तू बाटलीत भरून विकायला निघाले.

मी अंबडमधल्या एका कारखान्यात एकवीस वर्षं प्रॉडक्शन प्लॅनिंगमध्ये काढली. एडवर्ड्स डेमिंग नावाचे अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ होते. १९५० पासून त्यांनी जपानी कारखानदारांना गुणवत्तेचे धडे दिले. आपल्या शिबिरांत ते मण्यांचा एक खेळ घेत. तो मी एकदा आमच्या कॅन्टीनमध्ये करून पाहिला. भद्रकालीच्या बाजारातून मणी आणले. बत्तीसशे पांढरे, आठशे लाल. सुताराकडून पन्नास खळगे पाडलेली लाकडी पट्टी करून घेतली. मणी एका ट्रेमध्ये मिसळायचे, पट्टी आत बुडवायची, वर काढायची, लाल किती आले ते मोजायचं. पांढरा म्हणजे चांगला माल, लाल म्हणजे रिजेक्शन. पाचात एक मणी लाल, म्हणजे पन्नासात सरासरी दहा येणार. कधी सहा, कधी चौदा. यात पट्टी धरणाऱ्याची काही करामत नाही.

सहा ऑपरेटर उभे केले. साहेब मीच झालो. पहिल्या फेरीत एकाला पाच लाल आले. त्याला कॅन्टीनचा पंचा शाल म्हणून पांघरला, नारळ मात्र खरा दिला. दुसऱ्याला पंधरा आले, त्याला सगळ्यांसमोर तोंडी मेमो. दुसऱ्या फेरीत शालवाल्याला बारा आले आणि मेमोवाल्याला आठ. मी जाहीर केलं: सत्कारानं माणूस शेफारतो, मेमोनं सुधारतो. टाळ्या पडल्या. तिसऱ्या फेरीपर्यंत बाकावरच्यांचं विश्लेषण सुरू झालं होतं. तो पट्टी तिरकी धरतो. ह्याचा हात हलका आहे. तो घाई करतो, नाइट करून आलाय ना. शेवटी मी खेळ उलगडून सांगितला, की हे सगळं निव्वळ योगायोगानं होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. उठता उठता एक जुना फिटर माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "ते बरोबर आहे साहेब, पण त्याचा हात हलकाच आहे."

टेबलं पुसणाऱ्या मावशी मध्येच म्हणाल्या होत्या, "ते लाल मणी तांदळासारखे आधीच निवडून टाकले तर?" सगळ्या सभेत ट्रेकडे बघणाऱ्या त्या एकट्याच. त्यांना शाल द्यायचं मलाही सुचलं नाही.

मला तरी त्या फिटरला हसायचा काय अधिकार? त्याच काळात आमच्याकडे नवे साहेब आले होते. उंच, भारदस्त आवाज, नावानिशी प्रत्येकाची विचारपूस. आल्या आल्या सगळ्यांच्या छातीवर बिल्ले लावले. चार महिन्यांत एका पार्टचं रिजेक्शन निम्म्यावर आलं. खरी कारणं दोन होती. स्टोअरवाल्यानं खटपट करून बारचा, म्हणजे कच्च्या सळईचा, सप्लायर बदलून घेतला होता. आणि सेकंड शिफ्टचा एक ऑपरेटर ग्राइंडिंग मशिन अर्धा तास रिकामं चालवून, गरम करून मग पहिला जॉब लावायला लागला होता. थंड मशिनवर पहिले पंचवीस-तीस जॉब मापाबाहेर जातात, हे त्याचं त्यालाच कळलं होतं. हेड ऑफिससाठी जे प्रेझेंटेशन गेलं त्यात मात्र पहिल्या पानावर साहेबांचा फोटो आणि खाली 'परिवर्तन'. ते प्रेझेंटेशन मी बनवलं होतं. स्टोअर आणि वॉर्म-अपची गोष्ट एका स्लाइडवर मावत नव्हती, आणि साहेबांचा फोटो मावत होता.

मग २००८च्या अखेरीस मंदी आली, गाड्यांच्या ऑर्डरी आटल्या. साहेब तेच, आवाज तोच, बिल्लेही तेच. पण आता लोक म्हणायला लागले, नुसता बोलघेवडा आहे, ऐकून घेत नाही. वर्षभरात ते गेले. त्यांच्यामुळे माल सुधारला नव्हता आणि त्यांच्यामुळे ऑर्डरीही गेल्या नव्हत्या.

या मानवी स्वभावाला अभ्यासकांनी नावही दिलंय. १९८५ मध्ये जेम्स माइंडल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की कामगिरी फार चांगली किंवा फार वाईट झाली की लोक नेत्याकडे बोट दाखवतात. मधलंसं काही असलं की नेत्याची आठवणही होत नाही. नेतृत्वाबद्दलचा हा एक प्रकारचा रम्य कल्पनाविलास आहे, असं ते म्हणाले.

जगातलं एक उदाहरण आपल्या सातपूरपर्यंत पोचतं. विजेची यंत्रसामग्री बनवणाऱ्या एबीबीचा तिथला कारखाना नाशिककरांना माहीत आहे. ही कंपनी १९८८ मध्ये स्वीडनची आसेआ आणि स्वित्झर्लंडची ब्राउन बोव्हेरी एकत्र होऊन झाली. प्रमुख होते पर्सी बार्नेविक. नव्वदच्या दशकात युरोपातल्या मासिकांनी त्यांना डोक्यावर घेतलं: धाडसी, चपळ, निर्णयाचे अधिकार खालपर्यंत देणारे. २००२ मध्ये कंपनी जवळपास बुडायला आली, निवृत्तिवेतनाच्या रकमेवरून वाद झाला, आणि तेच बार्नेविक उद्धट ठरले, तीच विकेंद्रित रचना गोंधळाची जननी ठरली. फिल रोझेनझ्वाइग या अभ्यासकांनी २००७ मध्ये या प्रकरणाची चिरफाड केली. नफा दिसला की नेत्याभोवती प्रभावळ दिसते, नफा गेला की तोच चेहरा काळवंडतो. चेहऱ्यात काही बदललेलं नसतं.

कोणी म्हणेल, आता तो जमाना गेला, हल्ली नम्र, अबोल नेत्यांचं कौतुक होतं. होतं खरं. २००१ मध्ये जिम कॉलिन्स यांनी अकरा महान कंपन्या निवडून सांगितलं की त्यांचे प्रमुख झगमगाटापासून लांब राहणारे, नम्र पण हट्टी होते. ऐकायला किती गोड! त्या अकरांतली सर्किट सिटी ही इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुकानांची साखळी २००८ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि फॅनी मे ही गृहकर्जातली कंपनी त्याच वर्षी अमेरिकी सरकारला ताब्यात घ्यावी लागली. आधी यश बघायचं आणि मग उलट चालत जाऊन नेत्याच्या स्वभावात त्याचं मूळ शोधायचं, ही खोड गेली नव्हती. गर्जनेच्या जागी नम्रता आली, एवढंच.

आता पडद्यावरच्या त्या दुसऱ्या चित्राकडे येतो, कारण माझा खरा राग तिथं आहे. शिबिरांतून शिवाजी महाराजांना 'मॅनेजमेंट गुरू' केलं जातं आणि मग फक्त तेज, जरब, गनिमी कावा एवढंच सांगितलं जातं. महाराजांच्या कारभारातलं जे खरोखर शिकण्यासारखं आहे ते गाळून. चिपळूण भागात हळवर्णला घोडदळाचा तळ होता, तिथल्या अंमलदारांना गेलेलं पत्र प्रसिद्ध आहे. त्यात काय आहे? दाणा-वैरण पावसाळा संपेपर्यंत पुरेल अशी जपून वापरा. ती संपली की तुम्ही कुणब्याच्या घरी हात घालाल, मग लोकांना तुमच्यापेक्षा मोगल बरे वाटतील. आणि रात्री दिवे जळते ठेवू नका. उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवताच्या गंजीला आग लागेल, घोडी मरतील. राज्याचा धनी उंदराच्या तोंडातल्या वातीचा विचार करतोय. आमच्या शिबिरात हे पत्र कोणी वाचलं नाही. वाचलं असतं तर त्यावर छातीवर मूठ कशी आपटायची?

किल्ल्यांची व्यवस्था तर याहून बोलकी आहे. गडावर हवालदार, सबनीस आणि सरनौबत असे तीन अंमलदार बरोबरीचे, तेही सगळे एकाच जातीचे नाहीत. शिवाय कोठाराचा हिशेब कारखानीसाकडे. एकाच्या मनात आलं म्हणून गड शत्रूला देता येऊ नये, हा त्यामागचा हिशेब. म्हणजे महाराजांनी प्रत्येक गडावर एकेक सिंह बसवला नाही. एका माणसावर सगळं अवलंबून राहणार नाही अशी मांडणी केली. १६६६ मध्ये स्वतः महाराज कित्येक महिने आग्र्याच्या प्रकरणात अडकले होते, आणि मागे राज्याचा गाडा चालू होता. करिष्म्याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणून ज्यांचं नाव घेतो, त्यांनी स्वतः करिष्म्यावर विसंबून राज्य बांधलं नव्हतं.

नाशिककराला हे समजायला लांब जायला नको. दिंडोरीच्या वाटेवर आशेवाडीजवळ रामशेज आहे. लांबून पाहिलं तर मोठीशी टेकडी वाटावी असा किल्ला. आसपास ना दाट जंगल, ना आडवाटा. १६८२ मध्ये औरंगजेबाच्या फौजेनं त्याला वेढा घातला. किल्ला पाच वर्षांहून अधिक काळ लढत राहिला. शहाबुद्दीन खान आला, बहादूरखान कोकलताश आला, कासीमखान आला. किल्ल्यावर लोखंडी तोफा नव्हत्या, म्हणून मावळ्यांनी झाडांचे बुंधे पोखरून, त्यांवर कातडं चढवून तोफा केल्या, असं मोगलांचाच इतिहासकार खाफीखान लिहितो.

त्याच खाफीखानानं एक किस्सा सांगितलाय. बहादूरखान टेकीला आला होता, तेव्हा भुतं वश असल्याचं सांगणारा एक मांत्रिक त्याच्याकडे आला. म्हणाला, शंभर तोळे सोन्याचा नाग करून द्या, तो हातात धरून मी पुढे चालतो, फौजेनं मागून यावं, गड आपोआप पडेल. नाग केला गेला. मांत्रिक नाग उंच धरून ऐटीत निघाला. माऱ्याच्या टप्प्यात येताच वरून गोफणीचा दगड त्याच्या छातीवर बसला, नाग एकीकडे आणि मांत्रिक दुसरीकडे. बहुधा या भागातला पहिला बाहेरून बोलावलेला नेतृत्व-सल्लागार तोच. फी मात्र आजच्यांपेक्षा बरीच जास्त होती.

आणि वर गडावर किल्लेदार कोण होता? त्याच्या नावाबद्दल आजही एकमत नाही. कोणी सूर्याजी जेधे म्हणतं, कोणी रंभाजी पवार. त्या मुलखातली सगळ्यात चिवट झुंज, आणि ती लढवणाऱ्याचं नाव पक्कं सांगता येत नाही! आधी मला याचं वाईट वाटायचं. आता वाटतं, नाव माहीत असतं तर आपण त्याचा पुतळा केला असता आणि कातड्याच्या तोफा, पाण्याची टाकी, रात्रीचे पहारे, रसदीच्या वाटा हे सगळं विसरलो असतो. आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती माझ्या विरोधात जाते. शेवटी किल्लेदार बदलला आणि फितुरीनं किल्ला गेला. म्हणजे माणसाला महत्त्व आहेच. पण त्या एकाच्या हातात सगळं आलं तेव्हा किल्ला गेला, हेही त्याच गोष्टीत आहे.

मग तेजस्वी नेत्याला काहीच अर्थ नाही का? आहे, आणि नाशिकमध्ये बसून तो नाकारणं हा कृतघ्नपणा होईल. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराच्या दारापुढे हजारो अस्पृश्य स्त्री-पुरुष शांतपणे उभे राहिले, ते डॉ. आंबेडकरांच्या शब्दाखातर. पिढ्यान्‌पिढ्या मान खाली घातलेल्या माणसाला ती वर करायला लावणं हे कुठल्याही नियमावलीनं होत नाही. सुरुवात करायला असा माणूस लागतो. पण तो सत्याग्रह १९३५ पर्यंत चालला. बाबासाहेब गोलमेज परिषदेसाठी लंडनला होते, मुंबईत होते, दौऱ्यांवर होते. इथं रोजचा गाडा ओढला दादासाहेब गायकवाडांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. गायकवाड दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे. तुकड्या कोणत्या दिवशी जाणार, अटक झालेल्यांच्या घरी काय पोचवायचं, पैसा कुठून आणायचा, ही त्यांची कामं. पहिल्या दिवसाचं चित्र सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. मधल्या वर्षांतल्या एखाद्या मंगळवारचं कोणाच्या आहे?

आणि स्वतः बाबासाहेबांनी या विषयावर जे म्हटलं ते आपल्या नेतृत्व-शिबिरांच्या दारावर लावायला हवं, पण तिकीट खपणार नाही. १८ जानेवारी १९४३ ला ते पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांच्या जयंतीला बोलले. रानडे जन्मानं आपल्या निफाडचे. ना आग ओकणारे वक्ते, ना मागे जनसागर. मोठा माणूस कोणाला म्हणायचं, हाच बाबासाहेबांनी प्रश्न घेतला, कार्लाइलपासून मार्क्सपर्यंतची मतं तपासली, रानड्यांना त्या कसोटीवर मोठं ठरवलं, आणि त्या काळच्या दोन सर्वांत झळाळत्या पुढाऱ्यांच्या, गांधी आणि जिना यांच्या, अहंकारावर आणि त्यांचे ढोल बडवणाऱ्या वृत्तपत्रांवर कोरडे ओढले. सहा वर्षांनी, २५ नोव्हेंबर १९४९ ला, घटना समितीत त्यांनी बजावलं की धर्मातली भक्ती आत्म्याला तारत असेल, राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते. हे सांगणाऱ्या माणसाची आपण काय केली? भक्ती. असो.

दिंडोरीचाच विषय निघाला म्हणून वाघाड. या धरणाच्या कालव्यावर शेपटाकडच्या शेतकऱ्याला पाणी मिळत नव्हतं, जसं सगळीकडे मिळत नाही. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ओझरच्या बाजूला समाज परिवर्तन केंद्राच्या कार्यकर्त्यांनी पाणी वापर संस्था उभ्या केल्या. पुढे त्या चोवीस झाल्या, त्यांचा संघ झाला, आणि शेतकऱ्यांनी सगळ्या प्रकल्पाचं पाणी व्यवस्थापन हातात घेतलं. पाणी घनमापनानं, म्हणजे मोजून घ्यायचं आणि मोजलं तेवढ्याचेच पैसे भरायचे. ते कार्यकर्ते प्रभावी होते यात शंका नाही. त्याशिवाय भाऊबंदकीत मुरलेली गावं एका बैठकीला आलीच नसती. पण चारीच्या तोंडाशी मोजपट्टी बसली आणि हिशेबाची वही ज्याला हवी त्याला बघता येऊ लागली, म्हणून पाण्याची भांडणं मिटवता आली. भाषण करून पाणी शेपटापर्यंत जात नाही. वरच्यानं किती घेतलं ते सगळ्यांना दिसलं तर जातं.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण सिंहस्थ. २०२७च्या पर्वण्यांची तयारी चालू आहे, आणि गावात चौकाचौकांत एकच वाक्य ऐकू येतं: एखादा धडाकेबाज अधिकारी पाहिजे. नाशिकला या वाक्याची जुनी सवय आहे. असा कोणी आला की पहिले सहा महिने त्याच्या गाडीमागे कॅमेरे, अतिक्रमणावर जेसीबी, आणि त्याची बदली झाली की मेणबत्त्या. तो गेल्यावर फाइल कोणत्या टेबलावर अडते, ते टेबल मात्र तिथंच असतं. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढची काही वर्षं शहराला निवडून आलेला नगरसेवकच नव्हता. स्थायी समिती नाही, प्रभाग समिती नाही, प्रश्न विचारायला सभागृह नाही. त्यावर जेवढी चर्चा व्हायला हवी होती, त्याच्या कितीतरी पट चर्चा आयुक्त कडक आहेत की मवाळ यावर झाली.

२७ ऑगस्ट २००३. त्या सिंहस्थात रामकुंडाजवळ सरदार चौकाच्या भागात चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविक गेले. मिरवणुकीतल्या एका साधूंनी चांदीची नाणी उधळली, ती घ्यायला लोक पुढे घुसले आणि खाली पडलेल्यांवरून लोंढा गेला, असं तेव्हा छापून आलं. करिष्म्याचं याहून नेमकं चित्र कोणी काढू शकणार नाही. पण साधूंवर सगळं ढकलून मोकळं होणं, हाही करिष्म्याचाच हिशेब; फक्त उलटा. रस्ता अरुंद होता, उतार होता, येणारे आणि जाणारे एकमेकांच्या अंगावर येत होते. लाल मणी ट्रेमध्ये होते.

२०१५ला तसं काही घडलं नाही. घाट वाढवले होते, बाहेरच्या गाड्या शहराच्या वेशीवर थांबवून तिथून बस होत्या. पहिल्या पर्वणीला बंदोबस्त इतका आवळला होता की म्हाताऱ्या-कोताऱ्यांना मैलोन्‌मैल चालावं लागलं. ओरड झाली, पुढच्या पर्वणीला तो सैल केला. चूक झाली, दिसली, दुरुस्त केली. त्या बाहेरच्या पार्किंगचा आराखडा कोणी आखला होता? गावात विचारून पाहा. रामशेजच्या किल्लेदाराइतकंच तेही नाव कोणाला सांगता येणार नाही.

परवा संध्याकाळी पंचवटीत काम होतं, येताना मुद्दाम सरदार चौकाकडून उतरलो. उतार गुडघ्यांना अजून जाणवतो. फुलवाल्यांच्या टोपल्या, पार्क केलेल्या दुचाकी, मध्येच एक गाय. तिथं दोन पोरं लांब टेप धरून रस्त्याची रुंदी मोजत होती. एकानं टेपचं टोक दुकानाच्या पायरीला लावलं होतं, दुसरा समोर वही घेऊन. मी थांबून विचारलं, किती भरली? वहीवाला वर न बघता म्हणाला, "काका, ओट्यापासून धरू की गटारापासून, ते आधी ठरू द्या."